राजकन्येचे माहेर

राजकन्येची गोष्ट लग्नापाशी संपते, हे मला फार लहानपणीच ठाऊक झाले होते. राजपुत्र घोड्यावरून येई, राक्षस मरे, राजा अर्धे राज्य देई आणि कहाणी सुफळ संपूर्ण होई. "पुढे काय झाले?" असे मी एकदा आजीला विचारले. ती वाती वळीत बसली होती. "पुढे काय व्हायचे? गेली सासरी," एवढे बोलून तिने दुसरी वात वळायला घेतली. त्या तीन-चार शब्दांत केवढा ग्रंथ दडलेला आहे, हे उमजायला मला पुढे पन्नास वर्षे लागली.

युरोपातील राजघराण्यांची चरित्रे वाचण्याचा मला जुना नाद आहे. माझ्या मित्रमंडळींना तो काहीसा हास्यास्पद वाटतो, आणि त्यात त्यांचे अगदीच चुकते असे नाही. या चरित्रांच्या ठराविक दोन जाती आहेत. पहिल्या जातीत रत्नहार, झुंबरे आणि नृत्यगृहे असतात. ती वाचताना आपण सराफाच्या दुकानासमोर उभे आहोत असे वाटते. दुसऱ्या जातीत पहिल्या पानापासूनच वधस्तंभाची सावली पडलेली असते. ती वाचताना रुमाल जवळ ठेवावा लागतो. दोन्ही जातींना वाचक भरपूर आणि दोन्ही मीही चवीने वाचलेल्या आहेत. परंतु पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात आजीला विचारलेला तोच प्रश्न राहतो. मंगळवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, त्या परक्या वाड्यात ती बाई काय करीत होती?

या प्रश्नाचे उत्तर मला चरित्रांत मिळाले नाही. ते मिळाले पत्रांत. ज्या पत्रांविषयी मला आज चार शब्द लिहावयाचे आहेत, ती एलिझाबेथ शार्लोट या जर्मन राजकन्येची आहेत. घरी तिला लिझेलोट म्हणत, आणि आपणही तिला त्याच नावाने ओळखू. एल्बोर्ग फॉर्स्टर यांनी तिच्या निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रसिद्ध केले. माझा मुख्य आधार तेच पुस्तक.

लिझेलोट २७ मे १६५२ रोजी हायडेलबर्ग येथे जन्मली. तिचा बाप कार्ल लुडविग हा ऱ्हाईन नदीकाठच्या पॅलाटिनेट या संस्थानाचा अधिपती. तीस वर्षांच्या युद्धात उजाड झालेला तो मुलूख त्याने नेटाने पुन्हा वसविला. हा राज्यकर्ता प्रजेच्या संसाराची काळजी वाहत होता, पण त्याच्या स्वतःच्या संसाराची मात्र आपल्या कहाण्यांतल्यासारखी अवस्था होती. एक आवडती आणि एक नावडती. लिझेलोटची आई हयात असताना त्याने तिच्याच पदरच्या लुईजे फॉन डेगेनफेल्ड हिच्याशी दुसरा घरोबा केला. घरातील या कलहात मुलीची होरपळ नको म्हणून सात वर्षांच्या लिझेलोटला हॅनोव्हरला आत्याकडे पाठविण्यात आले. ही आत्या म्हणजे सोफी, मोठी बुद्धिमान आणि विनोदी बाई. त्या घरी मुलीने चार वर्षे काढली आणि ती चार वर्षे तिला जन्मभर पुरली.

१६७१ साली तिचे लग्न फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ फिलिप याच्याशी झाले. शेजारच्या बलाढ्य राजाशी सोयरीक झाली तर आपला मुलूख सुरक्षित राहील, असा बापाचा हिशेब. मुलीला प्रॉटेस्टंट धर्म सोडून कॅथलिक व्हावे लागले, आणि त्या धर्मांतराने पुढे आणखी एक वाट बंद केली. १७०१ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने प्रॉटेस्टंट वारस म्हणून सोफीचे नाव मुक्रर केले. वंशाच्या क्रमाने पाहता सोफीच्या थोरल्या भावाची ही मुलगी तिच्या आधी लागती. पण लिझेलोटने या हुकलेल्या सिंहासनासाठी उसासे टाकले नाहीत. तिचे दुःख निराळे होते.

नवऱ्याचे मन बायकांत रमणारे नव्हते. त्याचा सगळा जीव शेव्हालिए द लोरेन नावाच्या देखण्या सरदारावर आणि तशाच इतर मंडळींवर होता. दागिने, रिबिनी, अत्तरे यांची हौस नवऱ्याला. शिकार, कुत्री आणि घोडदौड यांची हौस बायकोला. लहानपणी आपण मुलगा व्हावे असे तिला फार वाटे, आणि उड्या मारल्याने एक मुलगी मुलगा झाली असे ऐकून तिने जिवावर उदार होऊन उड्या मारल्या होत्या, ही हकीकत तिनेच सांगितली आहे. तरीही या विजोड जोडप्याला तीन मुले झाली. थोरला मुलगा १६७६ मध्ये तिसऱ्या वर्षी दगावला. धाकटा फिलिप पुढे १७१५ मध्ये फ्रान्सचा रीजंट, म्हणजे बालराजाचा कारभारी, झाला. मुलगी लोरेनच्या ड्यूकला दिली.

अशा आयुष्याचे पहिल्या जातीचा चरित्रकार काय करील आणि दुसऱ्या जातीचा काय करील, हे वाचकांनी ताडलेच असेल. लिझेलोट स्वतः काय करते? ती लेखणी उचलते. तिने जन्मभरात साठ हजारांच्या आसपास पत्रे लिहिली असावीत असा अंदाज आहे. त्यांतील फार थोडा अंश आज उरला आहे, आणि तोही हजारांनी मोजावा लागतो. आठवड्यातला प्रत्येक वार कुणा ना कुणा नातलगाच्या नावाने ठरलेला असे. आत्या सोफी, मुलगी, आणि विशेष म्हणजे त्या 'आवडती'च्या पोटच्या सावत्र बहिणी. बापाच्या दुसऱ्या घरोब्यातील मुलांशी तिने बहिणीचे नाते शेवटपर्यंत पाळले. आईवर अन्याय झाला हे ती विसरली नाही. पण त्याचा जाब तिने त्या मुलींकडे मागितला नाही.

आता या पत्रांचे गुण पाहू. पहिला गुण म्हणजे त्यांतील बाई कधीही स्वतःला सजवीत नाही. आपल्या चेहऱ्यात अस्वल, मांजर आणि माकड यांचे मिश्रण झाले आहे असे ती खुशाल लिहिते. चहा, कॉफी आणि चॉकोलेट या त्या काळच्या नव्या फॅशनच्या पेयांना ती नाके मुरडते आणि बिअर घातलेले सूप, आंबवलेली कोबी आणि धुरावलेले सॉसेज यांसाठी तिचा जीव तळमळतो. व्हर्सायच्या मेजवानीला बसून घरच्या कोबीची आठवण काढणारी ही राजस्नुषा मला चटकन ओळखीची वाटली. मुंबईच्या हॉटेलात बसून कुळथाच्या पिठल्याची आठवण काढणारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेत.

दुसरा गुण डोळ्यांचा. १७०९ सालच्या जानेवारीत युरोपात भयंकर थंडी पडली. त्या थंडीचे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांतही सापडते. पण लिझेलोट काय लिहिते पाहा. आपण धगधगत्या शेकोटीपाशी, गळ्याभोवती लोकर आणि पाय अस्वलाच्या कातड्याच्या पिशवीत घालून बसलो आहोत, तरी हातातली लेखणी धरवत नाही, आणि बाटल्यांतली दारू गोठली आहे. सूर्यराजाच्या प्रासादात दारू गोठते, या एका तपशिलाने त्या सगळ्या वैभवाचा पोकळपणा जेवढा कळतो, तेवढा शंभर पानांच्या टीकेने कळणार नाही. हे ती मुद्दाम साधीत नाही. तिला थंडी वाजत होती आणि आत्याला ते सांगावयाचे होते, एवढेच.

तिसरा गुण धैर्याचा, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. राजाच्या हेरखात्यात टपालातील पत्रे फोडून वाचली जात. लिझेलोटला हे पक्के माहीत होते. दुसरी कोणी असती तर तिने 'सर्व क्षेम' म्हणून हात आखडता घेतला असता. हिने उलट केले. जी गोष्ट तोंडावर बोलता येत नाही ती फोडणारांनी वाचावी म्हणूनच जणू तिने कितीदा पत्रांत लिहिली. राजाने गुप्तपणे लग्न केलेल्या मादाम द मँतनों हिला तर तिने ज्या शेलक्या विशेषणांनी गौरविले आहे, ती या सणासुदीच्या अंकात, लाडवाच्या ताटाशेजारी, मी उतरू धजत नाही.

येथे दोषांकडेही वळले पाहिजे. तिचा मँतनोंवरचा राग आंधळा आहे. फ्रान्समध्ये जे जे वाईट घडले त्याचे खापर ती या एका बाईच्या माथी फोडते, आणि हा न्याय आजचा कोणताही साक्षेपी इतिहासकार मान्य करीत नाही. कुळाचा अभिमान तर तिच्यात अंगभर भिनलेला आहे. राजाच्या अनौरस मुलीशी आपल्या मुलाने लग्न करण्यास १६९२ मध्ये संमती दिली, तेव्हा तिने भर दालनात, दरबारी लोकांसमक्ष, त्याच्या थोबाडीत मारली, असे सँ-सिमों याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. जी बाई आपल्या सावत्र बहिणींवर इतकी माया करते, तीच सुनेला जन्मावरून हिणवते. ही विसंगती झाकू नये असे मला वाटते. तिची पत्रे खरी वाटतात याचे एक कारण असे की तिचे क्षुद्रपणही त्यांत जसेच्या तसे उतरले आहे.

आणि आता ज्या पत्रांसाठी मी हा लेख लिहावयास घेतला, त्यांच्याकडे येतो. १६८० मध्ये तिचा बाप वारला. १६८५ मध्ये तिचा सख्खा भाऊ निपुत्रिक गेला. आपल्याकडे भाऊ गेला की माहेर गेले असे म्हणतात. पण लिझेलोटचे माहेर याहून भयंकर रीतीने गेले. चौदाव्या लुईने आपल्या भावजयीच्या वारसाहक्काचे निमित्त पुढे करून पॅलाटिनेटवर दावा सांगितला. १६८८ मध्ये युद्ध पेटले, आणि १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने हायडेलबर्ग जाळले, मानहाइम जमीनदोस्त केले. १६९३ मध्ये हायडेलबर्गवर पुन्हा तोच प्रसंग आला. बापाने जो मुलूख वाचावा म्हणून मुलगी दिली, तोच मुलूख त्या मुलीच्या नावाने जाळला गेला.

या काळात तिने आत्याला लिहिलेल्या पत्रांत आक्रोश नाही. रात्री डोळा लागला की आपण हायडेलबर्गला किंवा मानहाइमला आहोत असे वाटते, सगळी पडझड दिसते, दचकून जाग येते आणि मग दोन-दोन तास झोप येत नाही, असे ती सांगते. बापाच्या वेळी ते सारे कसे होते हे आठवते. आणि सर्वांत अधिक कशाचे लागते, तर आपल्या लोकांचा हा घात आपले नाव वापरून झाला याचे. तिकडे व्हर्सायमध्ये तिने रडणे राजाला आवडत नव्हते. विजयाच्या दिवसांत घरात रडणारी सून कोणाला आवडेल? आणि हे सारे ती लिहीत होती त्या पत्रांत, जी पत्रे त्याच राजाचे लोक फोडून वाचणार होते.

मराठी वाचकाजवळ ही पत्रे वाचण्याची एक किल्ली आहे, ती इंग्रजी वाचकाजवळ नाही. त्या भाषेत 'माहेर' या शब्दाला शब्द नाही. त्यामुळे टीकाकार तिच्या या दुःखाला कधी देशप्रेम म्हणतात, कधी बालपणाची ओढ म्हणतात. दोन्ही शब्द तोकडे पडतात. फ्रान्सशी तिचे वैर नव्हते. मुलगा त्याच देशाचा कारभार पाहत होता आणि ती शेवटपर्यंत तेथेच राहिली. तिला हवी होती फक्त मागे वळून पाहण्यापुरती एक जागा. ती जागा शाबूत असली म्हणजे सासरचे पुष्कळ सोसता येते, हे आपल्या बायकांना सांगावे लागत नाही.

पत्राचा मोठेपणा लिहिणारावर जितका अवलंबून असतो तितकाच ते घेणारावरही असतो, हे मला पटले ते दुसऱ्या एका पत्रव्यवहाराशी तुलना केल्यावर. लिझेलोटची मुलगी लोरेनला दिली होती. त्या मुलीचा मुलगा फ्रान्सिस याने ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाशी लग्न केले. आणि त्यांची मुलगी मारी आंत्वानेत. म्हणजे लिझेलोटची ही पणती. पणजी एकोणीस वर्षांची असताना ज्या घरात आली, त्याच घराण्यात पणती १७७० साली चौदा वर्षांची असताना आली. तिच्यावर किती लिहिले गेले याला गणती नाही. भाकरी नसेल तर केक खा, हे तिच्या तोंडी घातलेले वाक्य तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. वास्तविक त्या अर्थाचे उद्गार रूसोने आपल्या आत्मचरित्रात एका निनावी राजकन्येच्या नावावर टाकले आहेत, आणि तो भाग त्याने लिहिला तेव्हा ही मुलगी व्हिएन्नात, दहा-अकरा वर्षांची होती. एकोणिसाव्या शतकात तिची बनावट पत्रेही छापली गेली. लोकांना हवी तशी राजकन्या मिळाली नाही, तेव्हा त्यांनी ती तयार करून घेतली! व्हिएन्नाच्या दप्तरखान्यातील अस्सल पत्रे आर्नेट याने प्रसिद्ध केल्यावर ते पितळ उघडे पडले.

ही अस्सल पत्रे वाचताना जीव गुदमरतो. दर महिन्याला जासूद येई. आईचे पत्र आणी, मुलीचे नेई. आईच्या पत्रांत उपदेश, ठपका, चौकशी. आणि मुलीला ठाऊक नसलेली गोष्ट अशी की ऑस्ट्रियाचा वकील मर्सी तिच्या बारीकसारीक वागण्याची गुप्त बातमीपत्रे तिच्या आईला पाठवीत होता. मुलगी लिहिते ते परीक्षकाला लिहिल्यासारखे. चुकले असेल तर क्षमा, पुढे असे होणार नाही. स्टीफन झ्वाइगने १९३२ मध्ये तिचे जे चरित्र लिहिले त्याच्या उपशीर्षकातच तिला सामान्य वकुबाची बाई ठरविले आहे. त्या पुस्तकाचा मी चाहता आहे. दुसऱ्या जातीच्या चरित्रांत इतके समंजस पुस्तक क्वचितच आढळेल. तरी एक शंका राहते. पणतीला पणजीसारखी आत्या मिळाली असती, हसणारी, ऐकून घेणारी, तर तिचीही पत्रे सामान्य राहिली असती काय? १६ ऑक्टोबर १७९३ च्या पहाटे, वधस्तंभाकडे जाण्यापूर्वी, तिने नणंदेला एक पत्र लिहिले. त्यात परीक्षकाचे भय उरलेले नाही, आणि ते पत्र मोठे आहे. ते नणंदेच्या हाती कधीच पडले नाही.

पणजीचे दैव त्या मानाने बरे. १७०१ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या पेट्यांत त्याच्या मित्रांची पत्रे निघाली. ती तिने न वाचता जाळून टाकली. जिची स्वतःची पत्रे सारे जग फोडीत होते, तिने दुसऱ्याचे पत्र उघडले नाही! तिच्या सुसंस्कृतपणाचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही. १७१४ च्या जून महिन्यात आत्या सोफी गेली. लिझेलोट आणखी आठ वर्षे जगली, सावत्र बहिणीला लिहीत राहिली आणि ८ डिसेंबर १७२२ रोजी सँ-क्लू येथे वारली. उतारवयातल्या एका पत्रात तिने एक आठवण सांगितली आहे. हायडेलबर्गच्या टेकडीवर पहाटे पाचला जाऊन आपण पावाच्या तुकड्याबरोबर चेरी खात असू, ही. हायडेलबर्ग सोडून तिला तेव्हा पंचेचाळीस वर्षे होत आली होती आणि ते तिने पुन्हा कधी पाहिले नाही.

माझी एक आत्या इंदूरला दिलेली होती. तिची कार्डे येत. कार्डच ते; टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचावे. तिकडे सासरे वाचून मग पेटीत टाकीत, इकडे आजोबा सर्वांना मोठ्याने वाचून दाखवीत. मजकूर नेहमी एकच. आम्ही सर्व मजेत, तुमची खुशाली कळवावी. आम्ही मुले त्या कार्डांना हसत असू. आत्या गेल्यावर वडिलांच्या ट्रंकेत ती सगळी कार्डे निघाली आणि माझ्याच सांगण्यावरून ती रद्दीत गेली. त्यांत काही नाही, असे मी म्हणालो होतो.

लिझेलोटची पत्रे वाचल्यावर त्यांतले एक कार्ड मला आठवू लागले. खुशालीच्या मजकुराखाली, पत्त्याच्या बाजूला उरलेल्या बोटभर जागेत, आत्याने बारीक अक्षरात विचारले होते की परसातला पारिजातक अजून फुलतो का. तो विहिरीच्या कामात केव्हाच तोडला होता. उलट टपाली तिला काय कळविले, हे सांगणारे आता घरात कोणी नाही.